मळा, उपवन आणि हिरवळ : बागेतल्या कवितेचं वृत्त, यमक आणि घाट कसा तपासायचा

‘वृत्त ओळखा’ म्हटलं की बहुतेकांची नजर आधी यादीकडे वळते. भुजंगप्रयात, मालिनी, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित. नाव सापडलं की काम संपलं असं वाटतं. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतातही, पण कविता जिथे होती तिथेच राहते. म्हणून या लेखात नाव सगळ्यात शेवटी येईल. त्याआधी प्रत्येक कवितेला एक साधा प्रश्न विचारायचा आहे: इथे कवीचे हात कुठे बांधलेले आहेत आणि कुठे मोकळे? बांधलेल्या जागेवरून वृत्त कळतं. कवीबद्दल काही बोलायचं असेल तर मोकळ्या जागेकडे बघावं लागतं.

नमुन्याला तीन कविता घेतल्या आहेत. तिन्हींत बाग आहे, पण एकीत भाजीचा मळा, दुसरीत राजाचं उपवन आणि तिसरीत गवतावर डोलणारी फुलराणी. निवड मुद्दाम अशी केली आहे, कारण मराठी पद्याच्या तीन मुख्य पद्धती यांत एकेक करून येतात. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात (१९२७, सुधारलेली आवृत्ती १९३७) या पद्धतींना छंद, जाती आणि वृत्त अशी नावं देऊन मांडणी केली, आणि आजही कुणी वाद घालायला बसलं की तिथूनच सुरुवात होते. व्याकरणाच्या पुस्तकांत यांनाच अक्षरछंद, मात्रावृत्त आणि अक्षरगणवृत्त म्हणतात.

पहिली पायरी : कविता हाताने उतरवा आणि पाठ तपासा

वहीत, पेन्सिलीने, एक ओळ सोडून एक. मधल्या रिकाम्या ओळीत खुणा करायच्या आहेत.

पहिली कविता अरणच्या सावता माळ्यांचा अभंग, तेराव्या शतकातला:

कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥
लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरी ॥
मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥
सावता म्हणे केला मळा । विठ्ठलपायीं गोविला गळा ॥

दुसरी, रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती आख्यानातला श्लोक. नळराजा उपवनात येतो, तळ्याकाठचा हंस पकडतो, तेव्हा बाकीच्या पक्ष्यांचं काय झालं ते यात आहे:

तदितर खग भेणें वेगळाले पळाले
उपवन-जल-केली जे कराया मिळाले
स्वजन गवसला जो त्याजपाशी नसे तो
कठिण समय येता कोण कामास येतो

तिसरी, बालकवींच्या ‘फुलराणी’चं पहिलं कडवं:

हिरवे हिरवे गार गालिचे
हरित तृणांच्या मखमालीचे;
त्या सुंदर मखमालीवरती
फुलराणी ही खेळत होती.
गोड निळ्या वातावरणात
अव्याज मने होती डोलत;
प्रणयचंचला त्या भ्रूलीला
अवगत नव्हत्या कुमारिकेला,
आईच्या मांडीवर बसुनी
झोके घ्यावे, गावी गाणी;
याहुनि ठावे काय तियेला
साध्या भोळ्या फुलराणीला?

उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारू’ नका. ‘याहुनि’ मधला नि ऱ्हस्वच लिहा, ‘बसुनी’तला सु ऱ्हस्व आणि नी दीर्घ. बालकवींनी श्रावणावरच्या कवितेत ‘हिरवळ दाटे चोहिकडे’ असं लिहिलं. तिथे आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे ‘चोहीकडे’ केलं की १४ मात्रांच्या (मात्रा म्हणजे उच्चाराचं माप, मोजायचे नियम तिसऱ्या पायरीत) १५ होतात आणि ओळ लंगडते. मोबाइलवर फिरणाऱ्या कवितांत असं सर्रास झालेलं असतं. हिशेब एकाच ओळीत चुकत असेल तर कवीवर ठपका ठेवण्याआधी दुसरी छापील प्रत बघा. सावता माळ्यांची पहिली ओळही ‘विठाई’ आणि ‘विठाबाई’ अशी दोन्ही प्रकारे ऐकू येते. तुम्ही कोणता पाठ घेतला ते वहीत नोंदवून ठेवा, पुढे त्याने फरक पडतो.

दुसरी पायरी : चाल विसरून मोठ्याने वाचा

हे वाटतं त्याहून अवघड आहे. चाल लावताना गायक अक्षरं ओढतात, तोडतात, शब्द दोनदा घेतात. गाण्यातला ठेका हा चालीचा ठेका, कवितेचा असेलच असं नाही. म्हणून गाणं डोक्यातून काढा आणि साधं, सावकाश वाचा. श्वास कुठे घ्यावासा वाटतो तिथे बारीक उभी रेघ मारा. ‘तदितर खग भेणें’ म्हटल्यावर जीभ आपोआप थांबते. ‘फुलराणी ही’ नंतरही थांबते. या थांब्यांना यती म्हणतात. ते आधी कानाने टिपा. पुस्तकात काय लिहिलंय ते नंतर.

तिसरी पायरी : लघु-गुरु

लघु अक्षराची एक मात्रा, खूण ∪. गुरु अक्षराच्या दोन, खूण –. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेलं अक्षर लघु. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं गुरु. ज्यावरचा अनुस्वार उच्चारला जातो ते अक्षर गुरु, विसर्ग असलेलंही गुरु. जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचं. ओळीच्या अगदी शेवटचं लघु अक्षर गरज पडली तर गुरु मानता येतं.

इथवर सोपं आहे. नवखा माणूस अडतो तो जोडाक्षरापाशी. नियम असा: जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते आधीचं अक्षर गुरु होतं. जोडाक्षर स्वतः जड होत नाही. ‘स्वजन’ मधला स्व लघुच आहे, कारण त्यात अ आहे आणि पुढे साधा ज आहे. ‘तृणांच्या’ मधला तृ तर जोडाक्षरच नव्हे. त त ऋ मिळवलेला आहे, म्हणून लघु.

आघात येतो की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. फुलराणीच्या पाचव्या-सहाव्या ओळीत याची छान परीक्षा आहे. ‘निळ्या’ आणि ‘अव्याज’ या दोन्ही शब्दांत य जोडलेला आहे. ‘अव्याज’ म्हणून बघा: ‘अव्-व्याज’ असा धक्का बसतो, म्हणून अ गुरु. ‘निळ्या’ म्हणताना नि तसाच सुटतो, धक्का नाही, म्हणून नि लघु. आठव्या ओळीतला ‘नव्हत्या’ तर दोन जोडाक्षरांचा आहे आणि तरी त्यातले न आणि व्ह दोन्ही हलकेच राहतात. म्ह, न्ह, ल्ह, व्ह ही जोडाक्षरं मराठीत बहुधा आघात देत नाहीत, आणि ‘च्या’, ‘त्या’, ‘ळ्या’ सारखे शेवटही. शंका आली की शब्द दोन्ही प्रकारे म्हणून बघा. जो उच्चार घरात बोलताना हास्यास्पद वाटेल तो खोडा.

चौथी पायरी : काय मोजलंय ते शोधा

आता प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे लिहा: अक्षरं किती, मात्रा किती.

फुलराणीच्या पहिल्या चार ओळींत अक्षरं ११, ११, ११, १० आहेत. पुढे ‘झोके घ्यावे, गावी गाणी’ मध्ये फक्त ८. म्हणजे अक्षरसंख्या कवीने बांधून घेतलेली नाही. मात्रा मोजा. हिरवे ४, पुन्हा हिरवे ४, गार ३, गालिचे ५: सोळा. हरित ३, तृणांच्या ५, मखमालीचे ८: सोळा. झोके-घ्यावे-गावी-गाणी, आठही अक्षरं गुरु: सोळा. ‘मखमालीचे’ ऐवजी ‘मखमलीचे’ म्हणून बघा, लगेच एक मात्रा गळते आणि कानाला खड्डा जाणवतो. अशी अदलाबदल करून बघणं ही मोजणी तपासायची सगळ्यात भरवशाची युक्ती.

सगळ्या ओळींत मात्रा सारख्या, अक्षरं कमी-जास्त: ही जाती, म्हणजे मात्रावृत्त. आता सोळांचे गट पाडा. ‘हिरवे । हिरवे । गार गा । लिचे’ असं चार-चार पाडायला गेलात तर तिसऱ्या गटात ३ + २ म्हणजे ५ होतात. गट चारचा नाही, आठचा आहे: ‘हिरवे हिरवे’ आठ, ‘गार गालिचे’ आठ. आठ मात्रांचं एक आवर्तन, अशी दोन. या सोळा मात्रांच्या जातीला पादाकुलक म्हणतात. झालं, नाव मिळालं, पण इथे थांबायचं नाही.

‘गोड निळ्या वातावरणात’ मध्ये सोळा भरतात का? गोड ३, निळ्या ३, वातावरणात ९. पंधरा. शेवटचा त ओळीच्या टोकाला आहे, त्याला गुरु धरला की सोळा. आणि आठ मात्रा ‘वा’ वर संपतात, म्हणजे आवर्तन शब्दाच्या मधोमध तुटतं: ‘गोड निळ्या वा । तावरणात’. यावरून कळतं की बालकवींनी यती सक्तीची ठेवलेली नाही. आवर्तन पुरं होतं, शब्द त्यावरून वाहत जातो.

आता रघुनाथ पंडितांचा श्लोक. अक्षरं मोजा: १५, १५, १५, १५. नुसती संख्या सारखी आहे म्हणून हुरळू नका. लघु-गुरूंचा क्रम मांडा. चौकटीच्या वहीत एका चौकोनात एक अक्षर लिहिलंत तर चारही ओळींत हेच दिसेल:

∪∪∪ ∪∪∪ ––– ∪–– ∪––

त दि त, र ख ग, भे णें वे, ग ळा ले, प ळा ले. खालच्या ओळीत उ प व, न ज ल, के ली जे, क रा या, मि ळा ले. तसूभर फरक नाही. अक्षरसंख्या ठरलेली, प्रत्येक जागी लघु की गुरु तेही ठरलेलं: हे अक्षरगणवृत्त. तीन-तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात आणि गणांची नावं ‘यमाताराजभानसलगम्’ या सूत्रातून निघतात. ज्या गणाचं नाव हवं त्या अक्षरापासून तीन अक्षरं घ्या: ‘यमाता’ म्हणजे य गण ∪––, ‘मातारा’ म्हणजे म गण –––, ‘नसल’ म्हणजे न गण ∪∪∪. आपल्या ओळीत न, न, म, य, य असे गण आले. शाळेतली ओळ आठवत असेल: ‘न न म य य गणांनी मालिनी वृत्त होते’. गंमत म्हणजे ही ओळ स्वतःच मालिनीत आहे, मोजून बघा.

एक घोटाळा इथे हटकून होतो. गण तीन-तीन अक्षरांचे, म्हणून वाचताना तीन-तीन अक्षरांवर थांबायचं असं वाटतं. तसं नाही. मालिनीत यती आठव्या अक्षरावर: ‘तदितर खग भेणें । वेगळाले पळाले’. गण हिशेबासाठी आहेत, यती जिभेसाठी.

राहिला अभंग. अक्षरं मोजा: ६, ९, १०, ९, ९, ९, ९, १०. मात्रा: ११, १५, १५, १५, १५, १४, १५, १६. दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ घुटमळतात, पण कोणतीच पक्की बसत नाही, आणि लघु-गुरूंचा क्रम तर कुठेच जुळत नाही. हा छंद. प्रत्येक अर्ध्याला साधारण आठ अक्षरं, दोन्ही अर्ध्यांच्या शेवटी यमक: हा लहान अभंग.

पण आठ कुठे आहेत? लिहिलेली अक्षरं सोडा, बोलून बघा. ‘अवघा’ आपण ‘अव्घा’ म्हणतो. ‘अव्घा झाला माझा हरी’: अव्, घा, झा, ला, मा, झा, ह, री. आठ. ‘अव्घी विठाबाई माझी’: आठ. ‘लसूण् मिर्ची कोथिंबिरी’: ल, सूण्, मिर्, ची, को, थिं, बि, री. आठ. ‘साव्ता म्हणे केला मळा’: आठ. ‘विठाई’ हा पाठ घेतलात तर लिहिलेलीच अक्षरं आठ भरतात, पण मग म्हणताना ‘अवघी’ पूर्ण उच्चारावं लागतं. म्हणजे अभंगात कवी कागदावर बांधलेला नाही, तोंडावर बांधलेला आहे. सुरुवातीचा अर्धा सहावरच थांबतो आणि शेवटचा ‘विठ्ठलपायीं’ कितीही आवळला तरी सहजी आठात मावत नाही. यातून खोल अर्थ काढायच्या फंदात मी पडणार नाही. म्हणणारा ‘भाजी’ लांबवतो, ‘गोविला’ पटकन म्हणतो, आणि छंदाला तेवढं चालतं.

चौथी शक्यता म्हणजे यांपैकी काहीच न जुळणं. तेव्हा मुक्तछंद. तिथे मोजणी बाजूला ठेवून ओळ कुठे तोडली आहे एवढंच बघत जा.

पाचवी पायरी : यमक

शेवटचं अक्षर सारखं आहे म्हणजे यमक झालं, असं समजू नका. पक्क्या यमकात शेवटचं अक्षर जुळतंच, शिवाय त्याच्या आधीच्या अक्षराचा स्वरही जुळतो. या चाळणीतून तिन्ही कविता गाळा.

मालिनीत पळाले–मिळाले पक्कं, ‘नसे तो’–‘येतो’ हेही पक्कं: ए आणि तो दोन्ही जुळतात, एक जोडी तर दोन शब्दांची मिळून झाली आहे. शिवाय पहिल्या ओळीत ‘वेगळाले पळाले’ असं आतलं यमकही आहे.

फुलराणीत सहा जोड्या. गालिचे–मखमालीचे पक्की. बाकी पाच? वरती–होती, वातावरणात–डोलत, भ्रूलीला–कुमारिकेला, बसुनी–गाणी, तियेला–फुलराणीला. या सगळ्यांत जेमतेम शेवटचं अक्षर जुळतं, आणि ‘बसुनी–गाणी’त तर नी आणि णी. स्पष्ट बोलायचं तर यमकाच्या बाबतीत बालकवी इथे बेफिकीर आहेत. ला, ती, नी अशा प्रत्ययांवर भागवलं आहे. तरी कान तक्रार करत नाही, कारण आठ मात्रांचं आवर्तन इतकं घट्ट आहे की यमकावर फारसा भार पडतच नाही.

मोजून झालं की जोडीतल्या शब्दांचे अर्थ शेजारी ठेवून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते खरं पीक इथेच आहे. रघुनाथ पंडितांकडे पळाले–मिळाले: जमले आणि पांगले. ‘नसे तो–येतो’: नाही आणि येतो. दोन्ही जोड्या उलट अर्थांच्या. सुखात जमायचं आणि संकटात पांगायचं, हा श्लोकाचा विषयच यमकांनी बांधून टाकला आहे.

सावता माळ्यांकडे उलटं. कोथिंबिरी–हरी, दोरी–पंढरी. डावीकडे मळ्यातली वस्तू, उजवीकडे देव किंवा देवाचं गाव. ‘माझा मळा हाच विठ्ठल’ हे अभंगाचं म्हणणं यमक प्रत्येक ओळीला पुन्हा सिद्ध करून दाखवतं: आवाज एक, तर वस्तू एक. या दोन मधल्या जोड्या चाळणीतून पाहिल्या तर ढिल्या आहेत, फक्त ‘री’वर टेकलेल्या. पक्कं यमक शेवटी येतं, मळा–गळा. आणि तिथे उजवीकडे देव नाही, माळ्याचा स्वतःचा गळा आहे.

सहावी पायरी : घाट

घाट म्हणजे कवितेची एकूण बांधणी. किती ओळींचं कडवं, धृपद आहे का, काय परत येतं, आणि परत येणारं कुठे येत नाही. शेवटचा भाग विसरू नका.

अभंगात उजव्या बाजूला ‘अवघी’, ‘अवघा’, ‘अवघी’ असं तीनदा येतं. चौथ्यांदा येत नाही. आधी भाज्या, मग फोडणीचं सामान, मग पाणी काढायची अवजारं, आणि चौथ्या ओळीत नाममुद्रा: ‘सावता म्हणे’. यादी संपून माणूस आला, तिथेच ‘अवघा’ सुटला. नाममुद्रा ही अभंगाची रीतच आहे, तेव्हा ती आली याचं नवल नाही. तिच्यासोबत काय बदललं ते टिपायचं.

श्लोकाचा घाट चार चरणांचा. आख्यानात असे श्लोक एकामागून एक येतात, वृत्तं बदलत जातात आणि गोष्ट पुढे सरकते. या श्लोकात तीन चरण पक्ष्यांबद्दल आहेत, चौथा सगळ्यांबद्दल. विशेष गोष्टीवरून सामान्य सिद्धांत, म्हणून अलंकाराच्या पुस्तकांत याला अर्थांतरन्यास म्हणतात. चौथा चरण इतका सुटा आहे की तो म्हण म्हणून वापरणाऱ्या कित्येकांना पक्षी आणि उपवन ठाऊकही नसतं.

फुलराणीचं कडवं बारा ओळींचं, दोन-दोन ओळींच्या सहा जोड्यांचं, आणि शेवट ‘फुलराणी’ या शब्दावर. पुढचं कडवंही तसंच त्या नावापाशी येऊन थांबतं. गोष्ट मोठी आहे, लग्नापर्यंत जाते. दर बारा ओळींनी नाव परत आल्यामुळे ऐकणारा वाट चुकत नाही. धरणगावच्या या कवीला (१८९०–१९१८) कथाकविता सांगता येत होती हे या बांधणीवरून दिसतं. त्यांच्याबद्दल निसर्ग, कोवळेपण वगैरे बरंच लिहिलं जातं, बांधणीबद्दल कमी.

बागेतल्या कवितेच्या १४ ओळी भरल्या तर सुनीत (इंग्रजीतलं सॉनेट) आहे का ते बघा. केशवसुतांनी हा घाट मराठीत आणला. कविता कुठे वळण घेते ते शोधा. बहुधा आठव्या ओळीनंतर किंवा शेवटच्या दोन ओळींत ते सापडतं.

सातवी पायरी : वृत्त आणि अर्थ यांची गाठ घालताना

इथे हात आखडता घ्या. ‘तदितर खग’ मध्ये सहा लघु एकापाठोपाठ येतात, मग गुरु. नवखा समीक्षक लगेच लिहितो: लघु अक्षरांतून पक्ष्यांची फडफड ऐकू येते. वाचायला छान. पण चौथ्या ओळीत ‘कठिण समय’ हेही तेच सहा लघु आहेत आणि तिथे काहीच उडत नाही. मालिनीत प्रत्येक ओळ सहा लघूंनीच सुरू होणार. ती जागा कवीच्या हातात नाही. बांधलेल्या जागेचं श्रेय कवीला देऊ नका. श्रेय द्यायचं तर त्या जागेवर त्याने कोणता शब्द बसवला याचं द्या: ‘खग भेणें’ म्हणताना भीतीचा शब्द पहिल्या दोन गुरूंवर येतो आणि त्यापुढेच यती आहे, म्हणून त्यावर थांबावं लागतं. ही निवड रघुनाथ पंडितांची.

जातीत मात्र लघु-गुरूंची निवड मोकळी असते, तिथे हा प्रश्न विचारायला हरकत नाही. फुलराणीच्या बारा ओळींत एकही लघु नसलेली ओळ एकच आहे: ‘झोके घ्यावे, गावी गाणी’. आठ गुरु, दोन-दोन अक्षरांचे चार शब्द, सारख्या लांबीचे. झोका जातो-येतो तसा. सोळा मात्रा हव्या होत्या त्या हजार प्रकारे भरता आल्या असत्या. आजूबाजूच्या अकरा ओळींत कवीने हे केलेलं नाही, म्हणून या ओळीबद्दल बोलायला आधार आहे.

लिहायचं कसं

सगळी टिपणं निबंधात ओतू नका. श्लोकावर लिहायचं तर एवढं पुरे:

‘हा श्लोक मालिनी वृत्तात आहे (न न म य य, यती आठव्या अक्षरावर). चारही चरणांत लघु-गुरूंचा क्रम काटेकोर पाळला आहे. यमकं पक्की असून दोन्ही जोड्यांत विरुद्ध अर्थाचे शब्द एकत्र आले आहेत. पहिले तीन चरण उपवनातल्या पक्ष्यांचं वर्णन करतात, चौथा त्यावरून सर्वसाधारण विधान करतो. “भेणें” हा शब्द यतीच्या तोंडाशी आल्याने पक्ष्यांच्या पळण्याचं कारण वाचणाऱ्याला थांबून ऐकावं लागतं.’

नाव पहिल्या वाक्यात आलं तरी चालेल. शोधताना ते शेवटी, लिहिताना आधी.

सरावाला तुकारामांचा हा अभंग घ्या. बाग नव्हे, रान आहे, पण चालेल:

वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें । पक्षी ही सुस्वरें आळविती ॥
येणें सुखें रुचे एकांताचा वास । नाहीं गुण दोष अंगा येत ॥

हा मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या शेवटी यमक. दुसरी ओळ बोट ठेवून मोजा, अगदी चोख भरते. ‘येत’ मधला त पूर्ण अक्षर म्हणून धरलात तरच. पहिल्या ओळीत एक चरण सातांचा आहे. तो शोधा, आणि म्हणताना त्यातलं कोणतं अक्षर तुम्ही गिळता ते सांगा. मग ‘वनचरें–सुस्वरें’ आणि ‘वास–दोष’ या दोन जोड्या चाळणीतून काढा. एक सहज पार होईल. दुसरी का अडकते ते दोन ओळींत लिहा, आणि अडकूनही ती म्हणताना खटकते का, तेही.